दृष्टीआडचा वध

लढाऊ विमानाच्या पंखाखालून सुटलेले क्षेपणास्त्र लक्ष्यापर्यंत पोहोचेतो जो मिनिटा-दीड मिनिटाचा काळ जातो, त्या काळात ते कोणाचे असते, हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा वाटला तरी मला तो धर्मशास्त्राचा वाटतो. वैमानिकाने कळ दाबलेली आहे, पण अजून कोणी मेलेले नाही. संकल्प झालेला आहे, पण वध झालेला नाही. आणि या दोहोंच्या मध्ये जे कित्येक किलोमीटरचे आकाश पसरलेले आहे त्यातून ते यंत्र आपले लक्ष्य आपणच शोधीत चालले आहे. संकल्प आणि फल यांच्यामधले हे अंतर तलवारीच्या युद्धात हातभर होते, धनुष्याच्या युद्धात बाणाच्या पल्ल्याइतके होते. आज ते इतके वाढले आहे, की त्या अंतरात कर्त्याचे कर्तेपण कोठेतरी गळून पडत असावे, अशी शंका विचारी माणसाला यावी. ती शंका खरी नाही असे माझे मत आहे. परंतु ते मत सकारण मांडायचे तर प्रथम या आयुधाची रीत नीट समजून घेतली पाहिजे, कारण नीतीचा पेच त्याच्या रचनेतच बसलेला आहे.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या 'फँटम' विमानांनी 'स्पॅरो' नावाचे क्षेपणास्त्र वापरले. त्याला लहरी टिपणारा कान होता, पण लहरी सोडणारे रडार त्याच्यापाशी नव्हते. विमानाच्या नाकातील रडारने शत्रूवर लहरींचा झोत धरायचा, शत्रूच्या विमानावरून परतलेला पडसाद क्षेपणास्त्राने ऐकायचा आणि त्या रोखाने जायचे, अशी ती व्यवस्था. त्यामुळे क्षेपणास्त्र सोडल्यावर वैमानिकाला पाठ फिरवण्याची मुभा नसे. आघात होईपर्यंत शत्रूकडे तोंड करून, झोत ढळू न देता, त्याला उडत राहावे लागे, आणि त्याने झोत काढून घेतला की क्षेपणास्त्र आंधळे होऊन भलतीकडे जाई. सैनिकी दृष्टीने हे मोठेच वैगुण्य होते. मारणारा मरणाऱ्याइतकाच उघडा पडे, शिवाय नेमही फारसा लागत नसे. त्या युद्धात दहा 'स्पॅरो' सोडावेत तेव्हा जेमतेम एखादा लक्ष्यभेद व्हावा, असा अनुभव आला. हे वैगुण्य घालवण्याच्या खटपटीतून क्षेपणास्त्राच्या तोंडाशीच एक छोटे रडार बसवण्याची कल्पना रूढ झाली. अमेरिकेचे 'अ‍ॅमरॅम' 1991 साली सेवेत आले आणि 27 डिसेंबर 1992 रोजी दक्षिण इराकच्या आकाशात एका एफ-16 विमानाने त्याच्या साहाय्याने इराकचे मिग-25 पाडले. हा त्या क्षेपणास्त्राचा पहिला वध.

आपल्याकडचे 'अस्त्र' याच जातीचे आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने ते हैदराबादेत घडवले, 2003 साली ओडिशातील चांदीपूरच्या किनाऱ्यावर त्याची पहिली चाचणी झाली, आणि नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातून जी सुखोई-30 विमाने बाहेर पडली त्या जातीच्या विमानांवर ते आज बसवले जाते. लांबीला पावणेचार मीटरांहून किंचित अधिक, जाडीला वीतभराहून कमी, वजनाला सुमारे 154 किलो, आणि त्यातला प्रत्यक्ष स्फोटक भाग अवघा 15 किलोंच्या आसपास. अनुकूल उंचीवरून आणि समोरून येणाऱ्या लक्ष्यावर सोडले असता त्याचा पल्ला शंभर किलोमीटरांच्या पलीकडे जातो. आकाश कितीही निरभ्र असले तरी इतक्या अंतरावरचे विमान डोळ्यांना ठिपक्याइतकेही दिसत नाही. वैमानिकापुढे असते ती काचेच्या पडद्यावरची एक छोटी खूण, तिच्या शेजारी उंचीचा आणि वेगाचा आकडा.

क्षेपणास्त्र सुटले की प्रथम ते आपल्या अंतर्गत हिशेबावर चालते. आपण कोठून निघालो, किती वळलो, किती वेग घेतला याची नोंद ठेवीत ते पुढे जाते, आणि लक्ष्याने मधल्यामध्ये दिशा बदलली तर तेवढी खबर त्याला मागच्या विमानाकडून बिनतारी संदेशाने मिळत राहते. लक्ष्य आता जेथे आहे तेथे ते जात नाही. लक्ष्याकडे पाहण्याची त्याची रेषा जितक्या वेगाने फिरते त्याच्या प्रमाणात ते आपला मार्ग वळवते, आणि त्यामुळे दोघांचे मार्ग भविष्यातील ज्या एका बिंदूत मिळायचे त्या बिंदूकडे त्याचा रोख आपोआप राहतो. शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरांत ते स्वतःचे रडार चालू करते. पाश्चात्त्य हवाई दलांच्या सांकेतिक बोलीत असे क्षेपणास्त्र सोडताना वैमानिक 'फॉक्स थ्री' असे पुकारतो, आणि त्याने स्वतःचे रडार चालू करताच 'पिटबुल' असा शब्द उच्चारला जातो. म्हणजे यापुढे ते मालकाच्या हातातून सुटले, आता त्याला कोणी धरून नाही. उरलेली काही सेकंदे सर्वस्वी त्याची. लक्ष्याला प्रत्यक्ष धडकण्याचीही त्याला गरज नसते. जवळून जाताना लक्ष्याचे सामीप्य ओळखून स्फोट घडवणारी यंत्रणा त्याच्या पोटात असते, आणि पोलादाच्या तुकड्यांची चाळण विमानाच्या अंगातून निघून जाते.

मागच्या विमानाने मध्येच पाठ फिरवली आणि संदेश थांबवले तर काय होते, हे येथे विशेष लक्षात घेतले पाहिजे. 'स्पॅरो' अशा वेळी निष्फळ होई. नवे क्षेपणास्त्र मात्र लक्ष्याच्या शेवटच्या ज्ञात गतीवरून ठरवलेल्या जागेकडे तसेच जात राहते, तेथे डोळे उघडते, आणि समोर जे सापडेल ते धरते. कोणतेही विवक्षित लक्ष्य न नेमता, प्रथम दिसेल ते टिपावे अशा रीतीनेही ते सोडता येते, आणि त्या प्रकाराला त्याच बोलीत 'मॅडडॉग' म्हणतात. जुन्या आयुधात मारण्याची इच्छा अखेरच्या क्षणापर्यंत टिकवून धरावी लागे आणि ती इच्छा मागे घेतली तर आयुधही मागे घेतल्यासारखे होई; नव्या आयुधात इच्छा एकदाच करायची असते आणि नंतर ती मागे घेण्याला व्यवहारात काही अर्थ उरत नाही. यंत्रज्ञ याला प्रगती म्हणतात, आणि आपल्या वैमानिकाचा जीव वाचतो या हिशेबाने ती प्रगती आहेही. मला त्यातला दुसरा पालट अधिक गंभीर वाटतो.

आपल्या परंपरेने या पालटाचा विचार पूर्वीच करून ठेवला आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन या दोघांनीही ब्रह्मशिर अस्त्र सोडले, आणि ती दोन अस्त्रे एकमेकांना भिडली तर लोकक्षय होईल म्हणून व्यास आणि नारद मध्ये येऊन उभे राहिले. ऋषींच्या शब्दासरशी अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते आवरता आले नाही; त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवले आणि उत्तरेच्या पोटातील परीक्षितीवर तो घाला पडला. महाभारतकाराने या प्रसंगी जो भेद दाखवला आहे तो धनुर्विद्येतल्या नैपुण्याचा नाही; सोडणे दोघांनाही सारखेच येत होते. अस्त्राचा उपसंहार करणे हे सोडण्याहून कठीण आहे आणि ते केवळ व्रतस्थ, संयमी पुरुषालाच साधते, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. द्रोणांनी आपल्या पुत्राला ही विद्या मनापासून दिली नव्हती, त्याच्या अधीरपणाची त्यांना भीती वाटत होती, हाही तपशील तेथे आहे. ज्याला आवरता येणार नाही त्याच्या हाती ते द्यावे की नाही, हा प्रश्न म्हणजे त्या सबंध प्रकरणाचा गाभा आहे. आज आपण अशी अस्त्रे घडवली आहेत की ती अर्जुनालाही आवरता यावयाची नाहीत. मग संयमाला जागा उरली ती एकच, सोडण्यापूर्वीची.

सोडण्यापूर्वीचा तो क्षण कसा असतो हे पाहायचे तर दशरथाकडे वळले पाहिजे. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात, राम वनात गेल्यावर, मरणाच्या उंबरठ्यावरचा तो राजा कौसल्येला आपल्या तारुण्यातील पाप सांगतो. पावसाळ्याचे दिवस, शरयूचा तीर, रात्रीचा गडद अंधार. पाण्यावर येणारे एखादे जनावर टिपावे म्हणून तो धनुष्य घेऊन बसलेला. शब्दवेधी म्हणून त्याची ख्याती होती आणि त्या ख्यातीचा त्याला अभिमानही होता. अंधारातून भरत्या घड्याचा बुडबुड आवाज आला. तो त्याला हत्तीच्या आवाजासारखा वाटला, आणि त्याने त्या आवाजाच्या रोखाने बाण सोडला. बाण अचूक लागला. आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरायला आलेला तो तापसकुमार, ज्याला आपण पुढे श्रावण म्हणून ओळखू लागलो, तीरावर कोसळला.

या कथेकडे आपण पितृभक्तीची कथा म्हणून पाहत आलो आहोत, आणि लहानपणापासून तिने आपल्या डोळ्यांत पाणी आणले आहे. परंतु आयुधाच्या नीतीचा इतका सूक्ष्म विचार केलेली दुसरी कथा मला ठाऊक नाही. दशरथाच्या विद्येत काही उणे नव्हते. आवाज खरा होता, त्या आवाजाची दिशा त्याने बरोबर हेरली होती, हात कापला नव्हता, बाण चुकला नव्हता. चुकली ती केवळ ओळख. 'कोठे आहे' याचे संपूर्ण ज्ञान त्याला होते आणि 'कोण आहे' याचे मुळीच नव्हते. आणि पहिल्या ज्ञानाच्या परिपूर्णतेमुळेच दुसऱ्याची उणीव त्याच्या ध्यानात आली नाही. रडारचेही नेमके असेच आहे. लक्ष्य किती अंतरावर आहे, कोणत्या दिशेला आहे, किती वेगाने जवळ येत आहे, हे ते बिनचूक सांगते. ते कोणाचे आहे हे सांगण्यासाठी वेगळी योजना करावी लागते: आपले यंत्र सांकेतिक प्रश्न विचारते आणि समोरचे विमान आपल्यांपैकी असेल तर त्याच्यातील यंत्र ठरलेले उत्तर देते. उत्तर आले तर तो मित्र. उत्तर आले नाही तर? तर तो शत्रू असेल, किंवा परका प्रवासी असेल, किंवा ज्याचे यंत्र बिघडले, बंद राहिले वा भलत्या खुणेवर लागले असा आपलाच माणूस असेल. मौनाचा अर्थ लावण्याचे काम माणसाकडेच राहते.

यावर कोणी म्हणेल, की मग डोळ्यांनी पाहून खातरजमा केल्याखेरीज शस्त्र सोडू नये असा हुकूम काढला की प्रश्न मिटला. तो इतक्यावर मिटत नाही, हे दोन घटनांनी दाखवून दिले आहे, आणि त्यांतली एक विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

14 एप्रिल 1994 रोजी उत्तर इराकच्या आकाशात, जेथे कुर्दांच्या संरक्षणासाठी इराकी विमानांना बंदी होती, तेथे अमेरिकेच्या दोन एफ-15 विमानांना आपल्या रडारवर सावकाश जाणाऱ्या दोन वस्तू दिसल्या. ती अमेरिकेच्याच सेनेची 'ब्लॅक हॉक' हेलिकॉप्टरे होती, आणि त्यांत अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की आणि कुर्द असे 26 लोक होते. वैमानिकांनी सांकेतिक प्रश्न विचारला. त्या प्रदेशासाठी नेमलेली खूण वेगळी आणि हेलिकॉप्टरे लावून निघाली ती खूण वेगळी, त्यामुळे मित्रत्वाचे उत्तर आले नाही. हेलिकॉप्टरे बिनतारी संभाषणाच्या एका लहरीवर होती, विमाने दुसऱ्या. मोठे टेहळणी विमान त्याच आकाशात फिरत होते, त्यातील अधिकाऱ्यांच्या पडद्यावर काही वेळापूर्वी हीच हेलिकॉप्टरे मित्र म्हणून नोंदलेली होती, पण ती खूण डोंगराळ भागात निघून गेली आणि कोणी ती पुन्हा उठवून दाखवली नाही. मग नियमाप्रमाणे एफ-15 खाली उतरली, हेलिकॉप्टरांच्या जवळून गेली आणि वैमानिकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्यावर अमेरिकेचे ध्वज रंगवलेले होते, बाजूंना इंधनाच्या जादा टाक्या लावलेल्या होत्या. पाहणाऱ्याला ती रशियन बनावटीची 'हिंड' हेलिकॉप्टरे दिसली. पुढच्याने तसे पुकारले, मागच्याने ते खोडले नाही. एका हेलिकॉप्टरवर 'अ‍ॅमरॅम' सुटले, दुसऱ्यावर उष्णतेचा माग काढणारे 'साइडवाइंडर'. 26 पैकी एकही वाचला नाही.

पाहून झाले, आणि तरी ओळख पटली नाही. वेगाने जाता जाता, मनात आधीच बसलेल्या कल्पनेच्या भिंगातून पाहिलेले ते पाहणे दशरथाच्या ऐकण्याहून फारसे वेगळे नव्हते. पुढे चौकशी झाली, टेहळणी विमानातील एका अधिकाऱ्यावर लष्करी न्यायासनापुढे खटला चालला आणि तो निर्दोष ठरला. प्रत्येकाची कैफियत ऐकावी तर प्रत्येकाचा दोष थोडा. सगळ्यांचे थोडे थोडे मिळून 26 प्रेते.

दुसरी घटना याहून भीषण. 1 सप्टेंबर 1983 रोजी दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले, आणि साखालीन बेटाजवळ एका सुखोई-15 ने दोन क्षेपणास्त्रे सोडून ते पाडले. 269 माणसे गेली. त्या वैमानिकाने समोरच्या विमानाचे दिवे लागलेले आणि लुकलुकताना पाहिले होते. भूमीवरच्या अधिकाऱ्यांनी ते अमेरिकेचे हेरविमान ठरवले होते, आणि हुकूम आला. येथे अंतराचा दोष नव्हता, अंधाराचाही पूर्ण नव्हता. म्हणून केवळ लांबून मारणे हेच पाप आणि जवळून मारणे निष्पाप, असा सोपा निवाडा मला मान्य नाही.

मग कर्तेपण कोणाचे? भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा, आणि पाचवे दैव. या पाचांपैकी एकट्या स्वतःलाच जो कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत, असेही तेथे म्हटले आहे. उत्तर इराकमधील त्या सकाळचे पृथक्करण करायला याहून चांगली चौकट मिळणार नाही. ते आकाश आणि ती विमाने हे अधिष्ठान. वैमानिक हा कर्ता. रडार, सांकेतिक यंत्र, क्षेपणास्त्र ही करणे. टेहळणी, संभाषण, हुकूम या चेष्टा. आणि डोंगराआड गेलेली ती खूण हे दैव. परंतु याच विचारात एक मोठा धोका आहे, आणि तो आपल्या समाजाला अपरिचित नाही. पाच कारणे सांगितली की प्रत्येकाला आपला पाचवा हिस्सा दाखवून सुटका करून घेता येते. 'मी निमित्तमात्र' हे वाक्य आपल्याकडे निष्काम योग्याच्या तोंडी जितके ऐकू आले त्याहून अधिक वेळा ते जबाबदारी टाळणाऱ्याच्या तोंडी ऐकू आले आहे.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात जे 'गीतारहस्य' लिहिले, त्यात कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ, कर्माची पारख बुद्धीवरून करावी, हा सिद्धांत त्यांनी पाश्चात्त्य नीतिशास्त्राशी तोलून मांडला. मला तो सिद्धांत मूलतः मान्य आहे; परंतु 'बुद्धी शुद्ध होती' या एका उत्तराने त्या 26 जणांचा जाब पुरा होतो, असे मात्र मला वाटत नाही, आणि टिळकांच्या कर्मयोगाला तसले उत्तर अभिप्रेत असेल असेही मी मानीत नाही. त्या वैमानिकांच्या मनात द्वेष नव्हता, लोभ नव्हता. आणखी काही नव्हते, तेच नडले. बौद्धांनी कर्माचे सार चेतनेत पाहिले. त्या न्यायाने हा दोष जवळजवळ नाहीसाच होईल. येथे मला जैन आचार्यांचे म्हणणे अधिक मार्मिक वाटते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण करताना प्रमत्त योगाने, म्हणजे बेसावध प्रवृत्तीने, प्राण हिरावणे अशी व्याख्या केली आहे. द्वेषाने मारणारा जसा हिंसक तसा प्रमादाने मारणाराही. आणि उलट, पूर्ण जागरूक असूनही ज्याच्या हातून नकळत जीव गेला त्याचा न्याय वेगळा. जेथे आयुध परत बोलावता येत नाही तेथे सोडण्यापूर्वीच्या प्रत्येक क्षणी जागे राहणे हा उपचार राहत नाही. ते धर्माचे पहिले अंग होते.

यंत्राने शेवटच्या काही सेकंदांत लक्ष्य स्वतः धरले म्हणून वैमानिकाचे कर्तेपण कमी होते, हे म्हणणे तर मला सर्वथा अग्राह्य वाटते. मुखत्यारपत्र करून दिल्यावर मुखत्याराने केलेला व्यवहार मालकावर बंधनकारक होतो. 'त्या वेळी मी कचेरीत हजर नव्हतो' ही सबब कोणताही मुन्सफ ऐकून घेत नाही. यंत्राला तर मनच नाही; त्याच्यापाशी दोष घेण्याचीही पात्रता नाही. त्याला दिलेला अधिकार जितका मोठा, तितका देणाऱ्याचा विचार आधी आणि पुरता झाला पाहिजे. अंतर वाढल्याने कर्तेपण विरत नाही. ते सगळेच्या सगळे मागे सरकून सोडण्यापूर्वीच्या काळात गोळा होते, आणि त्या काळात तो वैमानिक एकटा नसतो.

आपस्तंब धर्मसूत्रात कर्मफलाचे तीन वाटेकरी सांगितले आहेत: करविणारा, संमती देणारा आणि करणारा, आणि ज्याचा हातभार अधिक त्याला फल अधिक. यात पाचवा हिस्सा दाखवून मोकळे होण्याला वाव नाही, कारण येथे वाटणी फळाची आहे, दोषातून सुटकेची नाही. संमती देणारा हा शब्द सूत्रकाराने सहज घातलेला नाही. लोकशाही राज्यात संमती देणारे आपण सगळे असतो. पुण्यात लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोईची जोडी वर चढते तेव्हा विमाननगरपासून येरवड्यापर्यंत खिडक्यांच्या काचा थरथरतात, मुले गच्चीवर धावतात, आणि त्यांच्याबरोबर मीही मान वर करतो. ते सामर्थ्य आपले आहे याचा मला अभिमान वाटतो आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही. हे आयुध टाकून द्या असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. शेजाऱ्यापाशी ते असताना आपण ते न बाळगणे म्हणजे आपल्या वैमानिकांना निःशस्त्र मरणाकडे धाडणे होय. पण अभिमानात वाटा घ्यायचा तर आपस्तंबांच्या हिशेबातला वाटाही घेतला पाहिजे.

भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही सैन्यांनी युद्धाचे नियम ठरवले, त्यांत समोरच्याला पुकारून मग प्रहार करावा, बेसावधावर करू नये, असा एक नियम आहे. तो नियम कुरुक्षेत्रावरच पुरता पाळला गेला नाही आणि आकाशातील युद्धात तो कोणी पाळील अशी अपेक्षाही व्यर्थ. तरी एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. क्षेपणास्त्राने स्वतःचे रडार चालू केले की त्याच्या लहरी लक्ष्याच्या विमानावर आदळतात, आणि तेथे बसवलेली यंत्रणा वैमानिकाच्या कानात इशारा वाजवते. त्या क्षणापासून त्याच्यापाशी थोडी सेकंदे असतात. तो विमान आडवे वळवतो, म्हणजे क्षेपणास्त्राच्या दृष्टीने त्याचा वेग जमिनीच्या पडसादाशी मिळून जावा आणि त्या गोंधळात आपण हरवावे. धातूच्या बारीक पट्ट्यांचा ढग मागे सोडतो. वजन कित्येक पटींनी वाढून शरीर आसनात दाबले जात असताना, डोळ्यांपुढे अंधारी येत असताना, तो वळतच राहतो. आपल्या पडद्यावर जी खूण होती ती हा माणूस होता. तो शत्रू असेल तर त्याला मारणे हे क्षात्रकर्म आहे. तो कोण आहे याची पुरती खात्री न करता त्याला तेथवर आणून सोडणे हे नव्हे.

वाल्मीकींच्या कथेचा उत्तरार्ध आपण बहुधा विसरतो. रात्र होती, साक्षीदार नव्हता, मरणाऱ्याने कोणाला हाक मारली तरी ऐकणारे दोघे आंधळे होते. दशरथाला निघून जाता आले असते. त्याने घडा भरला, वाट विचारून घेतली होती त्या वाटेने त्या म्हाताऱ्यांकडे गेला, पावलांच्या आवाजाला मुलगा समजून बोलणाऱ्या बापापुढे उभा राहिला आणि आपण कोण व आपण काय केले हे स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्या तापसाने काय म्हटले ते महत्त्वाचे आहे: तू स्वतः येऊन हे सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती, आणि हे अजाणता घडले म्हणूनच तू जिवंत आहेस. म्हणजे अज्ञानाने दंड सौम्य झाला आणि कबुलीने तो टळला. फल मात्र टळले नाही, पुत्रशोकाने मरणे त्याच्या वाट्याला आलेच. आपल्या स्मृतिकारांनी अजाणता घडलेल्या पापालाही प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या चौथ्या खंडात या विषयाचा जो प्रचंड पसारा मांडला आहे तो पाहिला, म्हणजे जाणता-अजाणता या भेदावर आपल्या पूर्वजांनी किती काळजीपूर्वक वाद घातला होता हे कळते. वाद दंडाच्या प्रमाणाचा होता. अजाणता घडले म्हणून काहीच घडले नाही, असे कोणी म्हटले नाही.

27 फेब्रुवारी 2019 रोजी, ज्या सकाळी सीमेवर दोन्ही देशांची विमाने भिडली होती आणि पाकिस्तानी एफ-16 विमानांनी 'अ‍ॅमरॅम' सोडले होते, त्याच सकाळी श्रीनगरजवळ बडगाम येथे भारतीय वायुदलाचे एमआय-17 हेलिकॉप्टर आपल्याच जमिनीवरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने पडले. आतले सहा जण गेले आणि खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. काही महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, वायुदलप्रमुख राकेशकुमारसिंह भदौरिया यांनी उघड सांगितले, की ते क्षेपणास्त्र आपले होते आणि ती आपली मोठी चूक होती. ही कबुली उशिरा आली, पण आली. आणि ज्या परंपरेचा आपण अभिमान सांगतो तिच्याशी ती सुसंगत होती.

यापुढची क्षेपणास्त्रे अधिक लांब जातील आणि लक्ष्य निवडण्याचे अधिक काम स्वतः करतील. त्यांच्या पल्ल्याचे आकडे वर्तमानपत्रांत येतील तेव्हा वाचकांनी आणखी एक गोष्ट आवर्जून विचारावी अशी माझी विनंती आहे: सोडण्यापूर्वी ओळख पटवण्याचा नियम काय आहे, तो शिथिल करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि चूक झाली तर तिची चौकशी आपल्याला वाचायला मिळणार आहे की नाही. संमती आपली घेतली जाते, तेव्हा हे विचारण्याचा हक्क आपला आहे, आणि न विचारल्याचा दोषही आपलाच राहील.